मला भूल नको

परतवाड्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी एकोणीस वर्षांपासून बसते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल, किती उशिरा येईल, आज येणारच नाही की काय, हे सांगणे माझे काम. या कामात मी एकच नियम पाळला. गाडी रद्द असेल तर रद्द म्हणून सांगायचे. ऐकणारा चिडतो, खिडकीच्या जाळीवर हात आपटतो, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण मग पिशवी उचलतो आणि जीपने जातो. त्याला ‘येईल, येईल’ म्हणून बाकावर बसवून ठेवले तर जीपही जाते आणि दिवसही जातो.

हे आधीच सांगते, कारण माझ्या आजारपणात मला पाच महिने असेच बाकावर बसवून ठेवले होते. आणि बसवणारी माणसे माझ्या घरचीच होती.

अमरावतीचा दिवस

सुरुवात कंबरेपासून झाली. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरायची, म्हणून मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायचे आणि सकाळी उपाशीपोटी चहासोबत घ्यायचे. वर्षभर घेतल्या. मग छातीखाली जळजळ सुरू झाली. शेजारणींनी ठेच्याला दोष दिला, सासूबाईंनी माझ्या उपासांना दिला. मी गोळ्यांवर गोळी घेत राहिले. पोळा झाला आणि एका सकाळी शौचाला काळे झाले, डांबरासारखे. तेव्हा घाबरले. लाजण्यासारखे त्यात काही नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्हाला असे झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

मिस्टरांनी मला अमरावतीला नेले. माझे मिस्टर दिनकर मोटारी रिवायंडिंग करतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्या दुकानात येतात, ते त्या उघडतात, जळकी तार काढतात, नवी भरतात. दवाखान्यात काउंटरवर पहिला प्रश्न आला, “पेशंटसोबत कोण आहे?” मिस्टर पुढे झाले. त्यानंतर सगळे त्यांनाच विचारले गेले. जेवण कधी झाले, गोळ्या कोणत्या, ॲलर्जी आहे का. पोट माझे, पण उत्तरे त्यांची, आणि त्यातली निम्मी चुकीची.

तोंडातून दुर्बीण घालायची होती. भूल देतो म्हणाले, मी हो म्हटले. सुई टोचली आणि पुढचे मला काही ठाऊक नाही. जाग आली तेव्हा घसा खरखरत होता आणि मिस्टर पायाशी उभे होते.

“काय निंघालं?” मी विचारले.

“काही नाई. ॲसिडिटी हाय. गोळ्या देल्या.”

एवढे बोलून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझी पिशवी घेतल्याचे मला आठवत नाही. तिथेच मला कळायला हवे होते.

भूल हा शब्दच बघा. डॉक्टर देतात तीही भूल आणि माणसाच्या हातून होते तीही भूल. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच खोलीत झाल्या.

गोडाचे दिवस

पुण्याकडच्या लोकांना आमचे बोलणे भांडण वाटते. वाटू द्या. आमच्याकडे प्रेमाने बोलणे म्हणजे “मेली काय वं, फोन काहून उचलत नाई?” असे असते. माझ्या सासूबाई तर या बाबतीत अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. भाकरी जाड झाली तर “हे भाकर हाय का गोवरी?” असे पाहुण्यांसमोर विचारणारी बाई.

अमरावतीहून आल्यावर या बाई मला म्हणाल्या, “तू बस वं माय. भाकरी मी करतो.”

मला वाटले आजारी आहे म्हणून असेल. पण आठवडा झाला, महिना झाला. भाजी खारट झाली तरी कोणी बोलेना. दिवाळीचे कानोले, म्हणजे करंज्याच, इतके चामट झाले की मला स्वतःला चावेनात, आणि सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “साजरे झाले.” मिस्टर रोज विचारू लागले, “बरं वाटून राह्यलं ना?” मी एकदा मुद्दाम त्यांच्या आईशी भांडण उकरून काढले. त्या उठून देवघरात गेल्या. पदराने डोळे पुसताना मी त्यांना पाहिले.

वऱ्हाडात सगळे घर गोड बोलायला लागले की समजावे, आपल्याबद्दल काहीतरी ठरले आहे आणि आपल्याला तेवढे सांगायचे राहिले आहे.

संक्रांतीनंतर जळजळ परत सुरू झाली. जुनी चिठ्ठी बघायला मी फाईल शोधली. कपाटात नव्हती. मिस्टर म्हणाले, “डॉक्टरकडंच ठेवली.” सासूबाई म्हणाल्या, “रद्दीत गेली असंन.” ड्रायव्हर एक सांगतो आणि कंडक्टर दुसरेच सांगतो, तेव्हा गाडी कुठेतरी बंद पडलेली असते, हे मी एकोणीस वर्षांत शिकले आहे. मी खिडकीत बसल्या बसल्या अमरावतीला फोन लावला. नाव, गाव, महिना सांगितला.

पलीकडची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, “यांना तर दोन महिन्यांनी परत बोलावलं होतं. अल्सर होता, तुकडा तपासला होता. जखम भरली का ते दुर्बिणीने बघणं गरजेचं होतं. पण पेशंट आल्याच नाहीत. तुम्ही पेशंटच्या कोण?”

“मीच पेशंट.”

ती अगदी हळू म्हणाली, “मॅडम, घरच्या कोणाला फोन देता का?”

बाहेर चिखलदऱ्याची गाडी लागली होती. मी माईक घेतला, फलाट सांगितला, गाडीची वेळ सांगितली, आणि माईक बंद करून रडले. जाळीपलीकडची एक बाई मला विचारत होती की धारणीची गाडी कधी आहे. तिलाही सांगितले.

दुकानात

ड्यूटी संपल्यावर मी घरी गेलेच नाही, सरळ दुकानात गेले. मिस्टर मोटार उघडून बसले होते.

“फाईल कुठं हाय?”

त्यांनी तारेच्या रिळांमागून फाईल काढून दिली. तिच्यावर तेलाचे बोट उमटले होते. म्हणजे ते ती अधूनमधून काढून बघत होते.

“कॅन्सर हाय का मले?”

“नाई! तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला.”

“मंग परत काहून नेलं नाई?”

“डॉक्टर म्हणे, जखमेचा रंगढंग बरा नाई. एका तुकड्यावर भरोसा नका ठेवू, पुन्हा बघा लागन. तुले न्यायचं म्हटलं तं काहून नेतो, हे सांगा लागलं असतं.” ते खाली बघत म्हणाले, “कमलाताईले सांगतलं होतं ना. आठवते तुले? नाव ऐकलं अन् खाटेवर पडली ते उठलीच नाई.”

कमलाताई त्यांची थोरली बहीण. तिला गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि तो फार पसरला होता. पण या घराने त्यातून एवढेच घेतले की सांगितल्याने माणूस मरतो.

मी ओरडले. भर बाजारात, लोक बघत असताना ओरडले. “कमलाताई सांगतल्यानं नाई मेली! उशिरा गेली म्हणून मेली! अन् तुमी मलेही उशीर करून राह्यले! मोटर जळाली तं तुमी उघडून पाहता ना? का तिले वाईट वाटंन म्हणून झाकून ठेवता?”

मिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्यांची दया आली नाही. खरे सांगायचे तर आणखी राग आला. कारण आता मी यांना समजावत बसायचे की माझ्या पोटाकडे बघायचे?

बारीक नळी

अमरावतीला परत जायचे मला जमेना. दवाखान्याचा दोष नव्हता, त्यांनी सांगण्याचे काम केले होते. पण पुन्हा सुई, पुन्हा झोप, आणि मी झोपेत असताना माझ्याविषयी दोन माणसांनी बोलणे, हे काही केल्या मला नको होते.

आमच्या खिडकीत माझ्यासोबत सलीमभाई असतात. पूर्वी ड्रायव्हर होते, गुडघे गेल्यावर खिडकीत आले. मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “ताई, अकोला जाओ. वहाँ नाकातून करते. बारीक नळी हाय. हमारी घरवाली का वैसाच किया. बेहोश नै करते, बोलते बोलते हो जाता.”

“नाकातून? अन् जागेपणी?”

“तुमको जागना ही है ना? फिर?”

मी रजा टाकली. नाकातून करताना भूल लागत नाही, म्हणून सोबत कोणी आणायची सक्तीही नव्हती. मी एकटीच जाणार होते. सकाळी निघाले तर मिस्टर चपला घालून दारात उभे. मी म्हटले, “यायचं तं या. पण तिथं तोंड उघडायचं नाई.” ते मानेनेच हो म्हणाले. अंजनगाव, अकोट करत अकोल्यापर्यंत ते खरोखर एक शब्द बोलले नाहीत.

जागेपणी

आता हे नीट सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी उद्या तिथे बसायचे असेल.

भीती वाटते. मोठ्या तोऱ्यात गेले होते, पण बाहेरच्या बाकावर बसल्यावर तोरा उतरला. सकाळपासून उपाशी माणसांची ओळ, सगळ्यांचे कान आतल्या दाराकडे. आतून कोणाची उबळ ऐकू आली तर? पण आतून चक्क बोलण्याचा आवाज येत होता.

तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी नाकाची जुनी दुखणी विचारली, रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारल्या. सिस्टरने नाकात औषधाचा बोळा ठेवला, घशात फवारा मारला. फवारा कडूजहर. थोड्या वेळाने घसा असून नसल्यासारखा झाला, गिळताना काही गिळतो आहोत हेच कळेना. माझा त्यातच जीव घाबरला. सिस्टर म्हणाली, “श्वास चालू हाय ना? मंग झालं तं. घसा झोपला, तुमी जाग्या हा.” हे वाक्य मी घट्ट धरून ठेवले.

नळी दाखवली. पेन्सिलीपेक्षा बारीक. कोपऱ्यात उभ्या मिस्टरांचा संयम तिथे सुटला. “एवढी वायर तं मी मोटरले लावतो,” ते म्हणाले. मी डोळे वटारले.

सगळ्यात वाईट भाग नाकाचा. दुखते असे म्हणणार नाही, पण नाकाच्या मुळाशी असा दाब येतो की डोळ्यांतून आपोआप पाणी येते. मला तिथे नको झाले. मी हात वर केला, “थांबा” म्हटले. आणि मॅडम थांबल्या. नळी होती तिथेच राहिली, कोणी रागावले नाही, सिस्टरने माझे कपाळ धरले. मी चार श्वास घेतले आणि म्हटले, “हां, चला.” त्या दुपारी मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. माझ्या शरीरात काहीतरी चालले होते आणि माझ्या एका शब्दाने ते थांबत होते.

मग गिळायला सांगितले. एक उबळ आली, तोंडातून येते तशी नाही, हलकी. हवा भरली तेव्हा पोट तट्ट फुगले आणि मी सगळ्यांसमोर मोठी ढेकर दिली. लाज नाकाबरोबरच बधिर झाली होती.

समोर पडदा होता. गुलाबी, ओलसर, चमकणारी जागा दिसली. इतकी वर्षे तिखट-मीठ, राग, गोळ्या, सगळे जिथे ढकलले ती जागा. मला तिची चक्क माया आली. मॅडम नळी फिरवत होत्या. एका ठिकाणी थांबल्या. तव्याचा चटका बरा झाल्यावर हातावर पांढुरका डाग राहतो, तसा डाग होता. त्याच्या शेजारी एक लालसर ठिपका.

मॅडम त्या ठिपक्याजवळ बराच वेळ थांबल्या. मग नळी हातात धरूनच त्यांनी मान वळवली आणि माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारले, “सोबत कोण आहे? मिस्टर का? जरा इकडे या, तुम्हाला सांगते.”

अमरावतीला हेच झाले असणार. फक्त तेव्हा मी नव्हते.

तोंड मोकळे होते. नाकात नळी, घसा बधिर, आवाज फुटक्या भोंग्यासारखा. पण स्टँडवरच्या गोंधळातून ऐकू जावा म्हणून एकोणीस वर्षे कमावलेला आवाज आहे तो. मी म्हटले, “मॅडम, चौकशी इकडं हाय. पोट माह्यं हाय, मले सांगा.”

सिस्टर हसली. मॅडम खुर्ची थोडी पुढे घेऊन माझ्या डोळ्यांत बघत बोलल्या, “सॉरी. हे बघा ताई. हा पांढरा डाग म्हणजे भरलेला अल्सर. हा लाल भाग सुजेचा असू शकतो, दुसरं काही असू शकतं. बघून मी सांगू शकत नाही. मी इथून तुकडे घेते. चालेल?”

“वाईट असू शकते?”

“असू शकतं.”

“घ्या मंग.”

तुकडे घेताना काही कळत नाही. पडद्यावर इवलेसे रक्त दिसते, तेवढेच. मिस्टर कोपऱ्यात भिंत धरून उभे होते. मी खचले नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, याचा मला तुकड्याच्या निकालाच्या भीतीपेक्षा जास्त आनंद झाला. तेव्हा तरी झाला.

नळी निघाली, नाकातून थोडे रक्त आले, कापूस लावला. घसा जागा होईपर्यंत पाणीही प्यायचे नव्हते. मग स्टँडवर मी थंड दूध घेतले आणि आम्ही परतीची गाडी धरली.

एक सांगते. भूल घेणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. ज्याला झोप हवी त्याने झोपावे, काही तपासण्या तशाच कराव्या लागतात. पण जागे राहता येते, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. तुम्ही विचारा. आणि झोपणार असाल तर झोपण्याआधी ठणकावून सांगा की उठल्यावर पहिले मला सांगायचे.

फोन

आठ दिवस वाट बघायची होती. त्या आठ दिवसांत मी शूर नव्हते. आंघोळ करताना रडायचे, कारण नळाचा आवाज असतो. लेक अमरावतीला नोकरीला आहे. तिला मी स्वतः फोन करून सगळे सांगितले, ‘असू शकतं’ या शब्दासकट. ती रडली, मग चिडली, “बाबानं मलेही नाई सांगतलं” म्हणाली. बापलेकीचे दोन दिवस बोलणे बंद होते.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. मिस्टरांचा. अकोल्याचा नंबर होता; तिथल्या कागदावर सवयीने मीच त्यांचा नंबर लिहिला होता. मी तांदूळ निवडत होते, सासूबाई चुलीशी. पूर्वी असा फोन आला की मिस्टर बोलत बोलत अंगणात जायचे. त्या दिवशी ते उठले, फोन वाजत असतानाच माझ्यापर्यंत आले आणि माझ्यासमोर धरला.

“घे. तुह्या पोटाचा हाय.”

मॅडमच बोलत होत्या. नाव विचारले, मग त्यांनी विचारले, “सोबत कोणी आहे का?”

“हायेत. पण मले सांगा.”

त्या हसल्या आणि त्यांनी सांगितले. मी ऐकले, दोन प्रश्न विचारले, उत्तरे तांदळाच्या ताटाशेजारी पडलेल्या कागदावर लिहून घेतली आणि फोन ठेवला.

त्या क्षणी घरात फक्त मला माहीत होते. दोन माणसे माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. सासूबाईंचा हात पिठात तसाच थांबला होता. अशा डोळ्यांसमोर खरे बोलणे किती जड असते, ते मला तेव्हा समजले. मिस्टरांनी हे पाच महिने रिळांमागे धरून ठेवले होते. समजले, पण माफ केले असे म्हणणार नाही. आणि माझी वेळ आली तेव्हा मी त्यांना बाकावर बसवून ठेवले नाही.

“कॅन्सर नाई,” मी म्हटले. “सूज हाय. जंतूंच्या गोळ्या घ्या लागतात. दुखण्याच्या गोळ्या जन्मात घ्यायच्या नाई.”

मिस्टर जिथे होते तिथेच खाली बसले. सासूबाईंनी हाताचे पीठ झटकले, परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “मंग कर आता भाकरी तूच. माह्याच्यानं होत नाई रोज रोज.”

मी परात ओढून घेतली. त्या थांबल्या नाहीत.

“अन् परवाची तुह्यी भाजी खारट होती. मी काही म्हटलं नाई.”

“हो काय?”

“अन् त्या दिवशीचं वरण! ढोरानं तोंड नसतं लावलं. अन् दिवाळीचे कानोले? चपलीचे तळवे केले असते त्याचे. गपचूप खाल्ले आमी.” बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, डोळे वाहू लागले, पण तोंड थांबले नाही.

मी हातातला गोळा तसाच धरून बसले. पाच महिन्यांत इतके बरे मला कोणत्याच गोळीने वाटले नव्हते.

“सांगा, आई,” मी म्हटले. “काही ठेवू नका. सगळं सांगा.”